बंद मशीनचं बिल कुणाच्या नावावर?

चिंचवडच्या एका परिसंवादात पुन्हा तेच ऐकलं: कारखानदारांनो, नुसती यंत्रं विकू नका, सेवा विका, खरा नफा तिथे आहे. पडद्यावर अर्थातच रोल्स-रॉइसचं इंजिन. एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, माझा जुना राग आहे. तो पुन्हा उफाळला तो या इंजिनामुळे.

कारण या इंजिनाची गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. 1962 मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने छोट्या बिझनेस जेटच्या व्हायपर इंजिनासाठी योजना आणली: उड्डाणाच्या दर तासाला ठरलेले पैसे द्या, दुरुस्ती आणि सुटे भाग आमच्याकडे. 1966 मध्ये रोल्स-रॉइसने ही कंपनी घेतली आणि पुढे हीच पद्धत मोठ्या विमानांपर्यंत नेली. मेख अशी, की विमान जमिनीवर उभं राहिलं की मीटर थांबतो आणि दुरुस्ती मात्र इंजिनवाल्याच्या अंगावर येते. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट 1000 इंजिनांची पाती वेळेआधी झिजू लागली, तेव्हा कंपनीला जबर भुर्दंड पडला. 2020 मध्ये कोविडने विमानं उभी केली, तासच आटले आणि किमान 9 हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा करावी लागली.

आता भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधलं कॉम्प्रेसरच्या एएमसीचं कोटेशन काढा. पहिल्या पानावर ठळक ‘कॉम्प्रेहेन्सिव्ह’, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात वगळलेल्यांची यादी: फिल्टर, ऑइल, कंट्रोलर कार्ड, मोटर. उरलं काय? इंजिनीअरची भेट आणि रिपोर्टवर सही. हवा बंद पडली की शिफ्ट बुडते मालकाची, स्पेअरची ऑर्डर मिळते कंपनीला. तिथे बिघाड हा तोटा, इथे बिघाड हाच धंदा.

सेन्सर लावून मासिक वर्गणी सुरू केली म्हणून हे गणित बदलत नाही. बीएमडब्ल्यूने गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी काही देशांत महिन्याचं भाडं मागून पाहिलं. गिऱ्हाईक भडकलं आणि 2023 मध्ये तो नाद सोडावा लागला.

पुरावा नाही, पण माझा दाट संशय आहे, की कंपनीची नियत सर्व्हिस खात्याचं टेबल कुठे आहे यावरून कळते. आपल्याकडे ते सहसा स्क्रॅप यार्डाच्या शेजारी. कुठलं सील कितव्या महिन्यात जातं, हे तिथल्या पोराला तोंडपाठ असतं. डिझाइनच्या मीटिंगला त्याला बोलावतो कोण?

सेवा जरूर विका. फक्त बंद तासाचा दंड कोटेशनमध्ये स्वतःच्या नावावर लिहा. तेवढी छाती नसेल, तर स्पेअरचे दर तरी उतरवा.