तपेल्याची साक्ष

बारा-तेरा वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. नववीच्या वर्गांत पृथ्वीच्या दैनंदिन गतीचा पाठ चालू होता. पाठास थोडा रंग यावा म्हणून मी सहज बोलून गेलों कीं, मोरीच्या तोंडाशीं पाणी जातांना जो भोंवरा होतो, तो आपल्या उत्तर गोलार्धांत नेहमीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो आणि दक्षिण गोलार्धांत सुलट फिरतो. हा सारा पृथ्वीच्या फिरण्याचा प्रभाव होय. मुलांनीं तें निमूटपणें टिपून घेतलें. हें विधान मीं स्वतः लहानपणीं एका पुस्तकांत वाचलें होतें, आणि इतक्या वर्षांत एकदांहि तें पडताळून पाहण्याची बुद्धि मला झाली नव्हती.

चार दिवसांनीं मागच्या बांकावरचा एक मुलगा वही घेऊन माझ्यापुढें उभा राहिला. त्याच्या घरीं बुडाला बोट जाईल एवढें भोंक पडलेलें एक जुनें तपेलें होतें. तें दोन विटांवर ठेवून, भोंकाला खालून बोट लावून, त्यांत पाणी भरून त्यानें वीस वेळां तें रिकामें केलें होतें. अकरा वेळां भोंवरा उलट फिरला, नऊ वेळां सुलट. त्यानें मला विचारलें, "सर, तपेलें चुकतें कीं पुस्तक?" मीं उत्तर दिलें, "तूं तपेलें सपाट ठेवलें नसशील." वर्ग हंसला. मुलगा जाग्यावर जाऊन बसला. पुढें सहामाही परीक्षेंत मीं तोच प्रश्न घातला, तेव्हां त्या मुलानें पुस्तकांतलें उत्तर जसेंच्या तसें लिहिलें आणि मीं त्यास पैकीच्या पैकीं गुण दिले. मला आज लाज वाटते ती त्या गुणांची.

खरी हकीकत मला पुढें समजली, तेव्हां तो मुलगा शाळा सोडून गेलेला होता. पृथ्वी फिरते आणि त्यामुळें वाहत्या पदार्थाची वाट वांकते, हें खोटें नव्हे. कोरिओलिस नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें १८३५ सालीं त्याचें गणित मांडलें, आणि आजहि तें त्याच्याच नांवानें चालतें. परंतु हा परिणाम किती लहान आहे तें पाहावें. ध्रुवावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या पायांखालची जमीन चोवीस तासांत एक पुरा फेरा घेते. विषुववृत्तावर असा गरका मुळींच लागत नाहीं. पुण्यास तो फेरा पुरा व्हावयास सुमारें पंचाहत्तर तास लागतात. तपेलें तर पुरतें एक मिनिटहि न लागतां रिकामें होतें! तांब्यानें पाणी ओततांना डावीकडून ओतलें कीं उजवीकडून, बोट काढतांना तें कोणीकडे सरकलें, भोंकाची कड कोठें दबलेली आहे, यांपैकीं एकेक गोष्ट पृथ्वीच्या गतीहून हजारों पटींनीं बलवत्तर असते. पाणी भोंकाकडे येतें तसा त्याचा मूळचा लहानसा गरका वाढत जातो. अंगणांत हात पसरून गरगर फिरणाऱ्या मुलानें हात एकदम छातीशीं घेतले म्हणजे त्याचा फेर जसा वाढतो, तसेंच हें आहे. मात्र मूळचा गरका कोणी दिला, तर तो बहुधा आपल्याच हातानें दिलेला असतो.

मग पृथ्वीचा हात पाण्यांत कधींच दिसत नाहीं कीं काय? दिसतो; पण त्यास धीर लागतो. अमेरिकेंत बॉस्टनजवळ मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेंत शापिरो नांवाच्या प्राध्यापकानें १९६२ सालीं सहा फूट रुंदीच्या गोल टाकींत वीतभरहून कमी पाणी भरलें, आणि तेंहि मुद्दाम सुलट फिरेल असें भरलें. नंतर टाकी झांकून चोवीस तास तशीच ठेवली. मधोमध असलेलें बोटभर जाडीचें भोंक हळूच उघडल्यावर बारा-पंधरा मिनिटेंपर्यंत कांहींच दिसलें नाहीं. मग पाण्यावर ठेवलेली काडी हलकेच उलट फिरूं लागली, आणि शेवटीं शेवटीं तर तीन-चार सेकंदांत एक फेरा घेऊं लागली. हेंच पाणी एक-दोन तासच स्थिर राहूं दिलें, तर तें भरतेवेळच्या फेऱ्याप्रमाणें सुलटच फिरे. म्हणजे कालची ढवळाढवळ पाणी इतका वेळ लक्षांत ठेवतें! १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें तसाच प्रयोग झाला. तेथें काडी सुलट फिरली. म्हणजे माझ्या जुन्या पुस्तकांतलें वाक्य शापिरोच्या टाकीपुरतें खरें होतें, आणि आमच्या मोरीपुरतें खोटें. त्या मुलाच्या अकरा-नऊमध्यें काडीइतकीहि चूक नव्हती.

केनियांत नान्युकी नांवाचें गांव विषुववृत्तावर आहे. तेथें कांहीं माणसें प्रवाशांसमोर घमेलें घेऊन रेषेच्या दहा-वीस पावलें उत्तरेस व दक्षिणेस पाणी सोडून दाखवितात, आणि भोंवरा खरोखरच दोन्हीकडे निरनिराळा फिरतो. खुबी पृथ्वींत नसून पाणी ओतण्याच्या आणि घमेलें धरून वळण्याच्या लकबींत असते. असलीं चलच्चित्रें हल्लीं घरोघर मोबाईलवर येतात, आणि वडील मंडळी तीं मुलांस कौतुकानें दाखवितात. गारुड्याच्या खेळास कोणी शास्त्र म्हणत नाहीं. हातांत घमेलें आलें कीं मात्र आपण फसतों. चक्रीवादळाची गोष्ट निराळी. त्याचा घेर शेंकडों कोसांचा आणि आयुष्य दिवसांचें असतें, म्हणून पृथ्वीस आपलें काम करावयास पुरेसा अवकाश मिळतो. २०२० च्या जूनमध्यें रायगडच्या किनाऱ्यावर आलेलें 'निसर्ग' वादळ उलटच फिरत होतें, आणि तें सुलट फिरणें शक्यच नव्हतें.

माझी तक्रार अशी आहे कीं, आपण मुलांस उत्तरें देत नाहीं, नांवें देतों. फळ खालीं कां पडतें? गुरुत्वाकर्षण. भरती कां येते? गुरुत्वाकर्षण. पूर्वीं 'देवाची करणी' म्हणून मुलांचें तोंड बंद करीत. आतां एक लांबलचक शब्द सांगून करतात, इतकाच फरक. नांव पाठ झालें कीं प्रश्न मरतो. याची परीक्षा पाहावयाची असेल तर कोणाहि मुलास विचारावें: आकाशांतील स्थानकांत अंतराळवीर तरंगतात, तें कां? "तेथें गुरुत्वाकर्षण नाहीं म्हणून," हें उत्तर शंभरांतून नव्वद ठिकाणीं मिळेल, पालकांकडूनहि मिळेल. २०२५ सालीं आपले शुभांशु शुक्ल त्या स्थानकावर जाऊन राहिले, तेव्हां आमच्याहि शिक्षकांच्या खोलींत तेंच ऐकूं आलें. आतां तें स्थानक जमिनीपासून अवघें चारशें किलोमीटर उंच आहे. मुंबईहून गोवा जितका दूर, जवळजवळ तितकेंच! तेथें पृथ्वीची ओढ येथल्यापेक्षां केवळ दहावा हिस्सा कमी भरते. ओढ नसती तर स्थानक केव्हांच सरळ रेषेंत निघून गेलें असतें.

पुन्हां भोंक असलेल्या भांड्याचाच आश्रय करूं. एका बाटलीच्या बुडाशीं दाभणानें भोंक पाडा, वरचें तोंड उघडें ठेवून पाणी भरा, धार लागेल. आतां ती बाटली मोठ्या माणसाच्या देखत पहिल्या मजल्याच्या गॅलरींतून खालीं ठेवलेल्या पोत्यांवर सोडा. हवेंत असेतोंवर धार बंद पडते! पृथ्वीची ओढ तीच असते, परंतु बाटली आणि पाणी दोन्हीं बरोबरच पडत असल्यामुळें पाण्यास बुडावर दाबण्याचें कारण उरत नाहीं. अंतराळवीरांची स्थिति त्या पाण्यासारखी आहे. ते अखंड पडत असतात. मात्र आडवा वेग सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक असल्यामुळें त्यांच्या खालची गोल पृथ्वी तितकीच वांकत जाते आणि ते जमिनीवर कधीं पोंचत नाहींत. हें समजण्यास लांब शब्द लागला नाहीं, एक बाटली पुरली.

निरीक्षणानें पुस्तकास सुधारावें, याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ आहेत. त्यांत मला आवडतें तें रिशेर या फ्रेंच ज्योतिष्याचें. १६७२ सालीं तो विषुववृत्तानजीक दक्षिण अमेरिकेंतील कायेन येथें होता. पॅरिसमध्यें बरोबर लावून आणलेलें लंबकाचें घड्याळ तेथें रोज सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. घड्याळ बिघडलें म्हणून त्यानें तें फेंकून दिलें नाहीं. लंबक किंचित आंखूड करून त्यानें फरक टिपून ठेवला. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ कमी भासते आणि पृथ्वी मध्यभागीं फुगलेली आहे, या न्यूटनच्या प्रतिपादनास पुढें त्या अडीच मिनिटांचा आधार मिळाला. कोणी गुरुजी रिशेरला "तूं घड्याळ सपाट ठेवलें नसशील," असें म्हणाले नाहींत, हें शास्त्राचें भाग्य.

ध्रुवाकडील कोडीं तर मुलांस फारच प्रिय असतात. एक मनुष्य घरून एक कोस दक्षिणेस गेला, मग एक कोस पूर्वेस, मग एक कोस उत्तरेस, आणि आपल्याच दारांत परत आला. तर त्याचें घर कोठें? "उत्तर ध्रुवावर," असें हुशार मुलें सांगतात आणि तेथेंच थांबतात. थांबूं नये! दक्षिण ध्रुवाभोंवतीं ज्याचा परिघ बरोबर एक कोस भरेल असें वर्तुळ काढावें. त्याची त्रिज्या कोसाच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित कमी येईल. त्या वर्तुळाच्या एक कोस उत्तरेस कोठेंहि घर बांधलें तरी कोडें सुटतें. आणि परिघ अर्धा कोस घेतला, म्हणजे पूर्वेस चालतांना दोन फेरे होतील, तरीहि सुटतें. ज्या कोड्यास एकच उत्तर आहे असें शंभर वेळां ऐकलें, त्यास असंख्य उत्तरें निघतात.

आणि हीं केवळ कोडीं नव्हेत. होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्याखालचें ठिकाण दाखवीत नाहीं, चुंबकीय ध्रुव दाखविते. आणि तो एका जागीं बसलेला नाहीं. १८३१ सालीं जेम्स क्लार्क रॉस यास तो कानडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पांत सांपडला. हल्लीं तो सायबेरियाच्या बाजूस सरकत आहे. या सुईची दिनचर्या टिपण्याचें काम आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून चाललें. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळें सुई बिघडेल, म्हणून १९०४ सालीं तें अलिबागेस नेण्यांत आलें. चुंबकीय ध्रुवाजवळ तर सुई आडवी न राहतां जमिनींत शिरूं पाहते. १९११ च्या १४ डिसेंबरला आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोंचला, पण आपण ठीक त्याच बिंदूवर आहों असें त्यानें गृहीत धरलें नाहीं. यंत्रांत चूक असेल म्हणून त्यानें आपलीं तीन माणसें तीन दिशांना दूरवर पाठविलीं, सूर्याची उंची चोवीस तास पुनःपुन्हां मोजली, आणि मग मुक्काम कांहीं मैल हलविला. ध्रुवावर सूर्य दिवसभर एकाच उंचीनें फेरी घालतो; तेथें काठी रोंवली तर तिची सावली फिरेल, पण लांबी बदलणार नाहीं. हल्लीं ध्रुवावरून विमानें जातात. २०२१ च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरास आलेलें एअर इंडियाचें विमान स्त्रियांनींच उत्तर ध्रुवावरून चालवीत आणलें. जेथें एका पावलांत 'उत्तर' ही 'दक्षिण' होते, तेथें वैमानिक ग्रीनिचच्या रेखावृत्तास समांतर रेषा नकाशावर आंखून एक मानलेली उत्तर धरतात आणि तिच्यावरून चालतात.

पालकांचें म्हणणें मला ठाऊक आहे. परीक्षेंत तपेल्यास गुण नाहींत; अभ्यासक्रम मोठा, दिवस थोडे; शिवाय घरांत पाण्याचें राडें होतें. हें सर्व खरें आहे. परंतु ज्या मुलानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सोडून माझें वाक्य लिहिलें, तो त्या दिवशीं काय शिकला? गुरूस जें आवडतें तें लिहावें, हेंच. तो हिशेबनीस झाला, डॉक्टर झाला, कीं पुलावर देखरेख करणारा इंजिनियर झाला, तरी ही शिकवण त्याच्याबरोबर जाणार. पुलाचा तडा कागदावर नसतो. म्हणून शिक्षकबंधूंस माझी विनंति आहे कीं, "मला ठाऊक नाहीं, उद्यां पाहूं," हें वाक्य वर्गांत म्हणण्यास लाजूं नये. आणि पालकांस इतकीच कीं, एखादें फुटकें भांडें भंगारवाल्यास न देतां मुलासाठीं ठेवावें. सांडलेलें पाणी कुंड्यांना घालतां येतें.

आमच्या प्रयोगशाळेंत आतां तसें एक तपेलें आहे. दरवर्षीं नववीचा वर्ग त्याचे फेरे मोजतो आणि फळ्यावर आंकडे मांडतो; मी ते पुसत नाहीं.

सुटींत करावयास एक कोडें येथें ठेवतों. एक मनुष्य पुण्याहून निघाला आणि सतत बरोबर ईशान्येसच चालत राहिला. समुद्र व डोंगर त्यास आड येत नाहींत असें समजावें. तो कोठें पोंचेल? तेथें जवळ येतां येतां त्यास किती फेरे घालावे लागतील, आणि इतके फेरे घालूनहि त्याची वाट संपेल कीं नाहीं? पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन बसावें. उत्तर मी पुढच्या अंकांत छापणार नाहीं. ज्यास सांपडेल त्यानें गोल घेऊन माझ्याकडे यावें.