दुचाकीवरची ऊब : किती वॅट, किती अंश?

गेल्या डिसेंबरात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक दूधवाले काका आले. वय साठीच्या आत, मधुमेह बारा वर्षांचा. दोन्ही हातांच्या बोटांवर पाठीमागून फोड आलेले. भाजलं कसं, ते त्यांना सांगता येईना. चुलीजवळ गेलोच नाही, म्हणाले. उलगडा सोबत आलेल्या मुलाने केला. पहाटे मोटारसायकलवरून रतीब घालताना वडिलांची बोटं बधिर होतात म्हणून त्याने बॅटरीवर तापणारे हातमोजे ऑनलाइन मागवले होते. काका ते सर्वांत वरच्या बटणावर ठेवून दोन-अडीच तास घालत. ‘काही गरम होत नाही याने’ अशी उलट त्यांचीच तक्रार होती. मधुमेहाने संवेदना गेलेल्या बोटांना ते कळणार कसे?

पूर्वी लडाखला जाणाऱ्या हौशी स्वारांपुरत्या असलेल्या या वस्तू आता गावोगावी पोहोचल्या आहेत. गरज खोटी नाही. निफाडकडे पारा ५ अंशांवर उतरतो, तेव्हा ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती थंडी साधारण उणे २ अंशांसारखी लागते. शरीर मग पोटाची, छातीची ऊब राखायला हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते. बोटे बधिर झाली की ब्रेकवरचा अंदाज चुकतो. अपघात तिथे होतो.

पण ही ऊब येते कुठून? विश्रांतीत असलेले आपले शरीर सुमारे १०० वॅट उष्णता तयार करते. विजेवर तापणारे एक जाकीट ८०-८५ वॅट खाते, म्हणजे जवळपास आणखी एका माणसाची उष्णता. १२ व्होल्टवर ८४ वॅट म्हणजे ७ अँपिअर. मोबाइल चार्जिंगचे यूएसबी सॉकेट जेमतेम १०-१५ वॅट देते. त्यावर हे चालत नाही. वीज घ्यावी लागते ती गाडीच्या बॅटरीवरून, आणि ती भरून काढतो अल्टरनेटर. त्याची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. तिच्यातून हेडलाइट, इग्निशन आणि इंधनाचा पंप वजा करा. हेडलाइट तर २०१७ पासूनच्या गाड्यांवर दिवसाही चालूच असतो. हॅलोजन असेल तर एकटा ५५-६० वॅट घेतो. लहान गाडीत यानंतर जाकिटापुरते उरत नाही. मोठ्या गाडीत उरते, पण इंजिन वेगात असताना. घाटात ट्रकमागे रांगत असाल, तर अल्टरनेटर कमी वीज देतो आणि फरक बॅटरीतून जातो. ८ अँपिअर-तासांची बॅटरी असा भार एकटीने तासभरही ओढू शकत नाही, आणि थंडीत तिची ताकद आणखी घटलेली असते.

खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. अशा ठिकाणी गाडी बंद पडली की जाकीटही थंड. त्याच्या भरवशावर आत एकच बनियन घातलेला तरुण वाऱ्यात उभा राहिला, तर शरीराचे तापमान झपाट्याने उतरते. आधी कापरे भरते. मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात. सोबती त्याला ‘विरळ हवेचा त्रास’ समजून बसवून ठेवतात. कापरे थांबले आणि माणूस गप्प झाला, तर तो सावरला असे मुळीच समजू नये. म्हणून जाकीट बंद असतानाही निभावेल एवढे कपडे अंगात हवेतच. जोडणी स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीला, चावी बंद केली की तुटेल अशा रिलेवर. हेडलाइटच्या वायरीला टाका मारून देणारा मेकॅनिक कितीही ओळखीचा असो, नको म्हणा.

आता भाजण्याविषयी. ४४ अंश म्हणजे आंघोळीचे कडक पाणी. तेवढी उष्णता एकाच जागी सहा तास लागली, तर त्वचा भाजते. पुढे प्रत्येक अंशाला ही मुदत साधारण निम्मी होते. ४७ अंशांना पाऊण तास पुरतो. निरोगी माणूस त्याआधीच हात काढून घेतो. मधुमेही, पक्षाघात झालेले, दारू घेतलेले यांना ते उमगत नाही. काश्मिरात पिढ्यान्‌पिढ्या फेरनाखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांडीवर जाळीदार काळपट डाग पडतात, आणि काहींना वर्षांनंतर त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो. गारठलेले हात सायलेन्सरवर शेकणारेही पाहिले आहेत. बधिर बोटांना तोही चटका आधी जाणवत नाही.

माझे मत विचाराल, तर पहिला खर्च वारा अडवण्यावर करावा. हँडलवरची रेक्झिनची कव्हरे, वारारोधक जाकीट; अगदी शर्टात घडी घातलेले वर्तमानपत्रसुद्धा काम करते. वीज वापरायचीच, तर मोज्यांपेक्षा जाकीट बरे, कारण धड उबदार राहिले की शरीर बोटांचा रक्तपुरवठा आपणहून मोकळा करते. तेही मधल्या बटणावर, आणि आत सुती कपडा घालून.

काकांचे फोड भरायला महिना लागला. दोन बोटांना मलमपट्टी असतानाही रतीब चुकवला नाही, असे ते अभिमानाने सांगतात. मोजे मुलाने परत पाठवले. आता हँडलला कव्हरे आहेत, आणि तिसऱ्या गल्लीतल्या टपरीवर ते चहाचा पेला रुमालातून धरतात.