नजीब किंवा इब्राहिम : तिसरा मुसलमान कुठे आहे?

आमच्या धानोऱ्यात युद्धाच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना वाचक कमी नाहीत. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली, ती अजूनही या हातातून त्या हातात जाते. वाचणाऱ्याला मत विचारलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘खाली ठेववत नाही.’ दुसरं, ‘खरा इतिहास कळला.’ पहिल्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे.

कारण हे मत पुस्तकावर थांबत नाही, माणसांवर येतं. ‘नजीबखान रोहिला कपटी, इब्राहिमखान गारदी मात्र निष्ठावान!’ इब्राहिमखान १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याचं कौतुक मला आवडायलाच हवं. पण तो ‘मात्र’ खुपतो. त्याचा अर्थ असा की, नियम नजीबचा आणि इब्राहिम अपवाद. मग आजच्या मुसलमानाने रोज सिद्ध करत बसायचं, आपण दोघांपैकी कोण ते.

हाच इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत होता. नजीबला १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांनी शुक्रतालला घेरलं होतं, त्याला आपला मुलूख वाचवायचा होता. सूरजमल जाट लढाईआधीच भाऊंची छावणी सोडून गेला. त्याचा जाब आज कुठल्या जाटाला कोणी विचारतं का? मग नजीबचा जाब आम्हालाच का?

आणि ‘रोहिला’ हा शब्द ऐकताच नाक मुरडणाऱ्या माझ्या जिल्ह्यातल्या वाचकांना एक सांगायचं आहे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिले होते. इंग्रजांनीच लिहिलेल्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये ही नोंद आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्यात फाशी झाली. शेकडो मैलांवरच्या पानिपतचा रोहिला आपल्याला तोंडपाठ आहे. पण आपल्याच जंगलात गोंडांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या रोहिल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

आमच्या समाजालाही दोन शब्द. कादंबरीवर बंदी मागू नका. आणि इब्राहिमखानाला प्रमाणपत्रासारखा छातीवर मिरवूही नका. प्रमाणपत्र दाखवणारा माणूस समोरच्याचा तपासणीचा हक्क मान्य करून बसतो. आपल्याला हवा आहे तो तिसरा मुसलमान : कधी शूर, कधी स्वार्थी, बहुतेक वेळा पोटासाठी चाकरी करणारा. म्हणजे इतर सगळ्यांसारखाच.

कादंबरी जरूर वाचा, रात्र जागून वाचा. पण ती मिटल्यावर ‘खरा इतिहास कळला’ म्हणण्याआधी आपल्या जिल्ह्याचं गॅझेटिअरही एकदा उघडा.