न्यायसहायक विज्ञानाची पदवी आणि न्याय

बारावीनंतर न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढतो आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांत हा विषय शिकविला जातो. २०२० साली संसदेने कायदा करून गांधीनगर येथे राष्ट्रीय विद्यापीठही स्थापन केले. या ओढीला आधार नाही असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. मात्र ही सक्ती केव्हापासून लागू करावयाची, हे ठरविण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या श्रमबाजारात मुख्य ग्राहक एकच, तो म्हणजे शासन. प्रवेश वाढले आणि कायम पदे वाढली नाहीत, तर पदवीधर स्वस्तात मिळेल. परंतु अनुभवी तज्ज्ञ टिकणार नाही. त्याची किंमत केवळ या तरुणांना मोजावी लागेल असे नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी होते. ज्याला जामिनाची ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने अहवालाचा विलंब म्हणजे विनाशिक्षेची कैद होय.

प्रश्न केवळ संख्येचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने दाखवून दिले की, डीएनए परीक्षण सोडता, पुराव्याचा संबंध विशिष्ट व्यक्तीशी खात्रीने जोडणारी एकही पद्धती काटेकोरपणे सिद्ध झालेली नव्हती. आपल्याकडे मात्र शासकीय तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीस न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. निष्णात वकील न परवडणाऱ्या आरोपीने त्यातील चूक दाखवावी कशी? म्हणूनच विद्यार्थ्याला उपकरणांइतकेच संख्याशास्त्र आणि निष्कर्षांच्या मर्यादा शिकविल्या पाहिजेत. संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकालही त्याच्या अभ्यासात हवा.

आधी रसायनशास्त्र शिकावे, विशेषज्ञता पदव्युत्तर पातळीवर मिळवावी, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. तथापि मूलभूत शास्त्रांचा पाया भक्कम ठेवला, तर पदवी अभ्यासक्रमही उपयुक्त ठरू शकतो. तो पाया नसेल, तर सरकारी भरती निघाली नाही की पदवीधराला दुसरी वाट उरत नाही. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहावी, हे बरे.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात : कंत्राटी नव्हे, कायम पदे, प्रलंबित अहवालांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करणे, आणि प्रयोगशाळा गृहखात्याच्या अखत्यारीतून काढून स्वायत्त मंडळाकडे सोपविणे. तपास करणारा आणि पुरावा तपासणारा एकाच खात्याचे चाकर असतील, तर विज्ञान न्यायाला साहाय्य करील, की खात्याला?