आकडा मिळाला, आता जबाबदारी कोणाची?

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणाऱ्यांना कांजूरमार्गच्या कचराभूमीची ओळख करून द्यावी लागत नाही. वारा फिरला की खिडक्या बंद होतात. पण या दुर्गंधीच्या सोबतीने एक वायू येतो, ज्याला स्वतःचा वास नाही, रंगही नाही: मिथेन. ओला कचरा हवेविना कुजला की तो तयार होतो. २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. त्याची तक्रार नाक करू शकत नाही.

ती उपग्रहांनी केली. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांतील कचराभूमींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मिथेन सूर्यप्रकाशातले ठरावीक अवरक्त किरण शोषून घेतो. त्यावरून एका उपग्रहाने कोणत्या शहरावर हा वायू जास्त आहे ते हेरले, बारीक नजरेच्या दुसऱ्याने नेमकी जागा दाखवली. त्याला वाऱ्याच्या वेगाची जोड देऊन हिशेब मांडला. कांजूरमार्ग: ताशी सुमारे ९.८ टन. चारही शहरांचे उत्सर्जन प्रचलित नोंदींच्या १.४ ते २.६ पट निघाले. म्हणजे आपण कागदावर जे मोजत होतो, ते हवेत नव्हतेच. हवेत त्याहून बरेच जास्त होते.

कोणी म्हणेल, हा अंदाज मोजक्या निरभ्र दिवसांचा आहे, पावसाळ्यात उपग्रहाला काय दिसणार? आक्षेप रास्त आहे. मग जमिनीवर यंत्रे बसवा, रोज मोजा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. आक्षेप घ्यायचा आणि मोजायचेही नाही, हे चालणार नाही.

जागतिक मिथेन करारावर भारताने सही केलेली नाही. आपला मिथेन मुख्यतः भातशेती आणि गुराढोरांतून येतो, त्यावर शेतकऱ्याचे पोट आहे, ही भूमिका मला पटते. पण कचऱ्याच्या डोंगरामागे शेतकऱ्याला उभे करता येत नाही. तिथला उपाय ठाऊक आहे: ओला कचरा वेगळा करून त्याचे खत किंवा बायोगॅस करणे, जुन्या ढिगातला वायू नळ्यांनी ओढून वापरणे. आकड्यांमुळे आधी कुठे हात घालायचा ते कळते आणि केलेले काम खरेच झाले का, तेही तपासता येते.

म्हणून मागणी साधी आहे. कचराभूमीचा दरमहाचा आकडा वॉर्ड ऑफिसच्या फलकावर मराठीत लागावा. अवकाशातून जे दिसते, ते शेजारच्या चाळीला कळायला नको का?