आकड्याचीही उलटतपासणी हवी



कोर्टात तज्ज्ञाने ‘लाखात एक’ असे म्हटले की आपली मंडळी गप्प होतात. एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हणजे खरेच असणार! आम्ही म्हणतो, थांबा.

इंग्लंडमधील सॅली क्लार्क हिची दोन तान्ही बाळे १९९६ आणि १९९८ साली अचानक दगावली. आईवरच खुनाचा आरोप आला. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की, अशा घरात दोन बाळे आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ साली तिला जन्मठेप झाली.

हा आकडा आला कोठून? एका बाळासाठी ८,५४३ मध्ये एक अशी शक्यता धरली आणि तिला तिनेच गुणले. पण सख्ख्या भावंडांचे रक्त एक, घर एक; पहिल्याला धोका असेल तर दुसऱ्यालाही असू शकतो. शिवाय आईने आपली दोन बाळे मारणे हेही अतिशय विरळाच. दोन्ही विरळ गोष्टी शेजारी ठेवून तोलायला हव्या होत्या. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. बचाव पक्षाला न दाखवलेला वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष पुढे आला आणि २००३ साली ती सुटली. पण मनाने खचलेली ती माउली २००७ साली वारली.

आता डीएनएचे घ्या. परक्या माणसाचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता लाखात एक आहे असे समजा. एक कोटीच्या शहरात असे सुमारे शंभर जण निघतील. मग दुसरा काही पुरावा नसताना ‘हाच गुन्हेगार’ असे कसे म्हणावे? नमुना जुळण्याची शक्यता आणि माणूस निर्दोष असण्याची शक्यता, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून घरच्या कोणावर वेळ आली तर वकिलाला सांगा : साहेब, तज्ज्ञाला विचारा, आकडा कशावरून काढला आणि असे आणखी किती जण निघतील? वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील माणूस यांना मोफत वकील मिळतो.

सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. आकड्यालाही तोच नियम लावू या.