उसाच्या पट्ट्यात ड्रॅगन फ्रूट. कसोटी पावसाळी तोडीची

कोल्हापूर - शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तडसर गावचे ड्रॅगन फ्रूट जून २०२१ मध्ये दुबईला रवाना झाले आणि निवडुंगाच्या कुळातील या फळाविषयी ऊस पट्ट्यातही कुतूहल निर्माण झाले. त्याच वर्षी जानेवारीत गुजरात सरकारने त्याचे 'कमलम' असे बारसे केले होते. दुष्काळी जत-सांगोल्याच्या माळावर या पिकाचा जम बसला. कोल्हापूरच्या शेतकऱ्यापुढील प्रश्न मात्र वेगळा आहे.

नव्या पिकाचा प्रयोग या जिल्ह्याला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहिली होती. चहा टिकला नाही, ऊस टिकला. गुळाला शाहूपुरीची पेठ मिळाली, उसाला राधानगरीचे पाणी आणि पुढे कारखाने मिळाले. पीक रुजते जमिनीत, पण तगते बाजारपेठेत, हा इथला जुना अनुभव आहे.

लागवडीचे तंत्र अवघड नाही. तीन बाय तीन मीटरवर सिमेंटचा खांब, माथ्यावर गोल चकती आणि प्रत्येक खांबाला चार रोपे, या हिशेबाने एकरी सुमारे ४५० खांब आणि १,८०० रोपे लागतात. खर्चाचा मोठा वाटा खांबांचाच असतो. दीड वर्षाच्या आसपास पहिली फळे दिसतात, भरघोस उत्पादनासाठी तिसरे वर्ष उजाडते आणि बाग पंधरा-वीस वर्षे चालते.

खरा गोंधळ वाणाचा आहे. रोपवाटिकांत लाल गराच्या जवळपास प्रत्येक रोपाला सर्रास 'हायब्रीड' म्हटले जाते. वास्तविक संकर म्हणजे दोन ज्ञात वाणांचे मीलन. व्हिएतनामच्या फळ संशोधन संस्थेने पांढऱ्या गराचा स्थानिक वाण आणि कोलंबियातून आणलेला लाल गराचा वाण यांच्या संकरातून 'लाँग दिन्ह १' तयार केला, तसे. शिवाय मका किंवा टोमॅटोप्रमाणे याचे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागत नाही. फांदीच्या तुकड्यापासून वाढलेले रोप मूळ झाडासारखेच निपजते. शेजाऱ्याच्या चांगल्या बागेतली कांडीही त्यामुळे महागड्या रोपाइतकीच गुणाची ठरू शकते. उलट, फसगत झाली तर ती फळ कापल्यावरच कळते. तोवर खांबांचे पैसे मातीत गेलेले असतात. लाल गराच्या अनेक वाणांना फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात. फूल उमलते एकाच रात्री, आणि नेमका त्या रात्री मुसळधार पाऊस असला, तर परागीभवनाचे गणित बिघडते.

इथेच कोल्हापूरचा पेच सुरू होतो. या पिकाचा बहर आणि तोड जून ते नोव्हेंबर या काळात होते. जत-सांगोल्यात हा पाऊस माफक असतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. मुळाशी पाणी साचले की खोड कुजते आणि ओलाव्यात बुरशीचे डाग पसरतात. म्हणून उंच गादीवाफा आणि निचऱ्याचा तांबडा माळ ही इथली पहिली अट ठरते. नदीकाठच्या काळ्या रानात, जिथे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, तिथे हे पीक न घेणेच शहाणपणाचे. कोल्हापूरची जमेची बाजू एवढीच, की जत-सोलापूरच्या बागांना उन्हाळ्यात भाजून काढणारी झळ इथे कमी आहे.

तोडीला वेळेची शिस्त लागते. फूल लागल्यापासून महिनाभराने साल हिरव्याची गुलाबी होते आणि त्यानंतर हाती चार-पाच दिवस असतात. लवकर तोडलेले फळ आंब्यासारखे आढीत घालून गोड होत नाही. झाडावर जास्त ठेवले आणि पाऊस झाला, तर ते तडकते. फळाला धड देठ नसतो. ओढून तोडल्यास साल फाटते, म्हणून सिकेटरने फांदीच्या तुकड्यासह कापावे लागते. साध्या हवेत ते आठवडाभर टिकते. एकाच बहरात सगळ्या बागांची फळे पेठेत आली, की भाव कोसळण्यास तेवढा आठवडा पुरतो.

उसाला २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपयांचा किमान दर कायद्याने ठरला. तो मिळवण्यासाठी आंदोलने होतात, जयसिंगपुरात ऊस परिषद भरते. ड्रॅगन फ्रूटला ना असा दर, ना अशी परिषद. व्हिएतनामची बहुतांश निर्यात चीनवर विसंबून होती. चीनने स्वतःची लागवड वाढवली, २०२२ च्या सुरुवातीला कोरोनाच्या निर्बंधांत सीमेवर मालाची वाहने अडकली आणि बिन्ह थुआन प्रांतातील कित्येक शेतकऱ्यांनी बागा मोडल्या.

महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये हेक्टरी ४ लाखांचा खर्च गृहीत धरून ४० टक्के अनुदान देण्यात आले. पुढचे हप्ते रोपे जगण्याच्या टक्केवारीवर होते. रोपे जगली, हे मोजणारी यंत्रणा त्यात होती. ऑगस्टच्या झडीत तोडलेले फळ आठ दिवसांत कोठे विकायचे, हे शेतकऱ्याने स्वतःच ठरवायचे होते.